सेकंडहँड डिझेल: टर्बोवर अजून ५८ हजार घालू, की गाडीच काढून टाकू?

अबोली_को

मंडळी, सल्ला हवाय. थोडं लांबेल, पण बिलांची फाइल समोर घेऊनच लिहितेय.

गाडी २०१४ ची डिझेल सेडान, एमएच-१२ पासिंग, आम्ही तिसरे मालक. २०२४ च्या गुढीपाडव्याला पुण्यातल्या एका जुन्या गाड्यांच्या डीलरकडून ३ लाख ६५ हजारांना घेतली. तेव्हा मीटरवर ८७ हजार होते, आता १ लाख १३ हजार. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा भलतीकडेच जाईल.

वापर म्हणजे हडपसर ते खराडी ऑफिस आणि अधूनमधून शनिवार-रविवारी साताऱ्याजवळच्या कोरेगावला आईबाबांकडे.

आता बिलं. पहिल्याच उन्हाळ्यात एसी गेला. दोनदा गॅस भरला, टिकला नाही, शेवटी डॅशबोर्ड उतरवून कूलिंग कॉइल बदलली, ३१,५००. मग क्लच, २४,०००. वर्ष व्हायच्या आत गाडी पहिल्या गिअरला थरथरायला लागली, परत गिअरबॉक्स खाली, या वेळी क्लचबरोबर फ्लायव्हीलही, ६१,०००. मध्ये पुढचं सस्पेन्शन, दोन्ही लोअर आर्मसकट, १९,५०० आणि बॅटरी ६,५००. बेरीज १ लाख ४२ हजार ५००. सर्व्हिसिंग, टायर, इन्शुरन्स यात धरलेले नाहीत.

आणि आता हे. गेल्या शनिवारी खंबाटकी घाट चढताना पिकअप एकदम गेला. चेक इंजिनचा दिवा लागला, आरपीएम अडीच हजारांच्या वर जाईना, मागून काळा धूर. पाठीमागच्या ट्रकवाल्याने हॉर्न मारून जीव नकोसा केला. सेकंड गिअरमध्ये कशीबशी वर काढली. माथ्यावर गाडी बंद करून परत चालू केली तर जरा बरी चालली, पण तेव्हापासून अॅक्सिलरेटर दाबला की शिट्टीसारखा आवाज येतो. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं, दोन मिनिटं ऐकलं आणि टर्बो गेला म्हणाला. ५८ हजार, तेही रिकंडिशन्ड टर्बोचे. (प्रश्न मी विचारते, उत्तर तो माझ्या नवऱ्याला देतो. नवऱ्याला डिझेलचं झाकण कुठल्या बाजूला आहे एवढंच ठाऊक आहे.)

बाबा म्हणतात एसटीने येत जा. नवरा म्हणतो विकून नवी घेऊ. डीलरकडे विचारलं तर १ लाख ९० हजार देतो म्हणतोय, तेही टर्बो करून दिला तर. काय करावं?

चक्रमादित्य

आली परत एक जुनी डिझेल! तीन पासष्ट आणि दीड, झाले पाच लाख. त्यात अजून थोडे घातले असते तर नवी पेट्रोल हॅचबॅक दारात आली असती, वॉरंटीसकट. सेकंडहँड डिझेल घेऊ नका म्हणून इथे बोंबलून बोंबलून घसा बसला आमचा. पांढरा हत्ती आहे तो. विका आणि मोकळ्या व्हा.

निवांत_नाना

चक्रमराव, ताईंनी विचारलंय काय आणि तुम्ही सांगताय काय!

अबोली, आधी दोन गोष्टी सांगा. गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावला होता का, आणि बिघाडाचा कोड काय आला? दुसरं, गाडी ऑइल खाते का? म्हणजे दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये डिपस्टिकवर पातळी किती उतरते? माझी सगळी नोकरी एसटीच्या दापोडी वर्कशॉपात गेली. तिथे कान लावून टर्बो बाद करणाऱ्या फिटरला आम्ही चहा आणायला पाठवत असू.

अबोली_को

नाना :) स्कॅनर लावलाच नाही. ऑइल आत्ताच मोबाइलच्या टॉर्चवर बघून आले. दोन खुणांच्या मध्ये आहे, सर्व्हिसिंग होऊन चार महिने झालेत.

पाना_दहाबारा

ताई, टर्बोला हात लावू देऊ नका. कोल्हापुरात उद्यमनगरात गॅरेज आहे आपलं, रोज असल्या गाड्या येतात म्हणून सांगतोय.

धुराचा रंग बघायचा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा आणि थांबतच नाही, तर पाणी, म्हणजे कूलंट आत जातंय. काळा म्हणजे डिझेल पुरेसं येतंय पण हवा कमी पडतीय. तुमची गाडी काळा मारतीय आणि ऑइल खात नाही. टर्बोचं बेअरिंग, सील गेलं असतं तर ऑइल उतरलं असतं आणि पाइपातनं ऑइल गळत आलं असतं.

मग हवा कुठं जाती? टर्बो हवा दाबतो, ती इंटरकूलरमधनं थंड होऊन इंजिनात जाती. मधले होज, म्हणजे पाइप, रबरचे. दहा-अकरा वर्षांत रबर कडक होतं, क्लॅम्पच्या बुडाशी नाहीतर वाकणात चीर पडती. सपाटीला कळत नाही. घाटात लोड आला, प्रेशर वाढलं की चीर उघडती आणि शिट्टी वाजती. हवा निम्मी बाहेर गेली की इंजिनचा कॉम्प्युटर घाबरतो आणि पॉवर कापतो, त्यालाच लिम्प मोड म्हणतात. गाडी बंद करून चालू केली की तात्पुरतं सुटतं. तुम्ही जे लिहिलंय ते सगळं ह्यात बसतंय बघा.

खात्री करायला गॅरेजवाल्याला सांगा: होजच्या जॉइंटला हात फिरव, कुठं ऑइलचा ओला थर दिसतोय का बघ. स्मोक टेस्टचं मशीन असलं तर उत्तम, धूर सोडला की चीर कुठं हाय ते डोळ्यानं दिसतं. त्यात काय सापडलं नाही तर टर्बोची व्हॅक्यूम पाइप आणि अॅक्चुएटर बघायचा. तेबी बरं असलं तरच टर्बो. आणि टर्बोबी ऐकून सांगत नाहीत. तोंडावरचा पाइप काढून शाफ्ट बोटानं हलवायचा. आडवा किंचित हलला तर चालतं, पुढं-मागं हलला तर बाद.

क्लचचं पण सांगतो, रागवू नका. ह्या गाड्यांना दोन भागांचं फ्लायव्हील असतं, मध्ये स्प्रिंगा. ते ढिलं झालं असताना नुसता क्लच टाकला तर थरथर येणारच. गिअरबॉक्स उतरवला की फ्लायव्हील, रिलीज बेअरिंग, क्रँकचं मागचं सील सगळं तेव्हाच बघून घ्यायचं असतं, कारण खरी मजुरी गिअरबॉक्स उतरवायची. तुम्ही ती दोनदा भरली. पहिल्या गॅरेजवाल्यानं तुम्हाला फ्लायव्हील दाखवून विचारायला पाहिजे होतं.

एसीचंबी तेच. गॅस संपत नसतो ताई, गळतो. नायट्रोजन भरून गळती शोधायच्या आधी गॅस विकणारा तुमचा मित्र नव्हे.

हिशेबी_मांजर

पाना_दहाबारा यांना +१. वाचनखूण साठवली.

मी पैशांच्या बाजूने लिहिते. चक्रमादित्यांची बेरीज बरोबर आहे पण तिचा निर्णयाशी संबंध नाही. ३ लाख ६५ हजार आणि १ लाख ४२ हजार गेले ते गेले, गाडी ठेवली तरी आणि विकली तरी. प्रश्न इथून पुढचा आहे.

समजा ९ लाखांची नवी घेतली, ही १ लाख ९० ला देऊन. ७ लाखांचं कर्ज, ९ टक्के, ५ वर्षं: हप्ता साधारण १४,५०० आणि एकूण व्याज पावणेदोन लाखांच्या आसपास. विम्याच्या आयडीव्हीच्या (विम्यासाठी धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) कोष्टकातच पाच वर्षांत गाडीची किंमत निम्मी धरतात, म्हणजे साडेचार लाख तिकडे गेले. मिळून सव्वासहा लाख, वर्षाला सव्वा लाख.

तुमची आत्ताची: दुरुस्ती वीस महिन्यांत १ लाख ४२ हजार, म्हणजे वर्षाला सुमारे ८५ हजार. शिवाय तिची राहिलेली किंमत पाच वर्षांत शून्य झाली असं धरा, वर्षाला ३८ हजार. झाले १ लाख २३ हजार.

गंमत बघा, बरोबरी! आणि ही बरोबरी तुमच्या सगळ्यात वाईट काळाची आहे. नव्या गाडीच्या पहिल्या विम्याचा आकडा तर मी धरलेलाच नाही.

आता खरा मुद्दा. कूलिंग कॉइल, क्लच, फ्लायव्हील, लोअर आर्म, बॅटरी हे सगळं तुमच्या गाडीत आज नवं आहे. विकताना त्याचे कोणी जास्त देणार नाही, पुढचा मालक ते फुकट वापरणार. पुढची दोन वर्षं दुरुस्ती वर्षाला ५० हजारांत बसत असेल तर गाडी ठेवा. आत्ताइतकीच, ८५ हजार, किंवा जास्त होणार असेल तर काढा. हे ठरवायला गाडीची आजची खरी अवस्था कळायला हवी. गॅरेजवाल्याला "काय झालंय?" न विचारता "येत्या दोन वर्षांत काय काय होणार आहे?" असं विचारा. वेगळी पाचशे-हजार रुपये फी देऊन विचारा, म्हणजे तो खरं सांगेल.

चक्रमादित्य

मांजरबाई, हिशेबात मनस्ताप कुठल्या रकान्यात धरला? रात्री नऊला खंबाटकीत बाई एकटी, गाडी बंद, टोचन करणारा सापडत नाही. त्याची किंमत किती?

हिशेबी_मांजर

मुद्दा मान्य. जिच्यावर भरवसा नाही ती गाडी फुकट मिळाली तरी महागच. पण भरवसा होजने परत येतोय की नाही ते आधी कळू दे की!

निवांत_नाना

पाना, छान लिहिलंत. एक भर घालतो. अबोली, पार्ट लागलाच तर कंपनीच्या खोक्यातलाच हवा असा आग्रह धरू नका आणि डुप्लिकेटही घेऊ नका. क्लच, इंजेक्टर, बेअरिंग कुठलीही कार कंपनी सहसा स्वतः बनवत नाही. लुक, व्हॅलिओ, बॉश असे उत्पादक तोच माल स्वतःच्या खोक्यातही विकतात, बऱ्याचदा स्वस्त. पुण्यात नाना पेठेत चौकशी करा, मुंबईकरांना कुर्ल्याचा सीएसटी रोड माहीत आहेच. जुन्या पार्टवरचा नंबर फोटो काढून न्या, गाडीचं नाव सांगून मागू नका.

आणि "बाहेर काम केलंत तर पार्ट देणार नाही" असं कोणी म्हणालं तर लक्षात असू द्या, स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये याच कारणासाठी १४ कार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. सुटे भाग खुल्या बाजारात मिळू न देणं ही त्यांची मुख्य तक्रार. पुढे कोर्टकचेऱ्या बऱ्याच झाल्या, पण तेव्हापासून बाहेरच्या गॅरेजना पार्ट मिळणं पुष्कळ सुकर झालं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

रेडिंगकर

धागा आवडला. इकडे इंग्लंडात तीन वर्षांवरच्या गाडीला दरवर्षी एमओटी नावाची तपासणी सक्तीची. सरकारी संकेतस्थळावर नुसता गाडीचा नंबर टाकला की आधीच्या सगळ्या तपासण्या, कशात नापास झाली, त्या दिवशी मीटरवर किती होतं, सगळं कोणालाही फुकट दिसतं. जुनी गाडी बघायला जायच्या आधी लोक घरबसल्या तेच बघतात. तिकडे असं काही आहे का?

निवांत_नाना

वाहन पोर्टलवर कितवा मालक, बोजा आहे का, विमा, फिटनेस एवढं कळतं. मीटर नाही. पण गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जात असेल तर प्रत्येक जॉबकार्डावर किलोमीटर चढवलेलं असतं आणि ते त्यांच्या कॉम्प्युटरात राहतं. अबोली, घेताना ती हिस्ट्री काढली होती का?

अबोली_को

डीलरने एक सर्व्हिस बुक दिलं होतं, शिक्के मारलेलं. सेंटरमध्ये जाऊन नाही काढली. उद्या आरसी घेऊन जातेच.

ऑरेंज_सिटी

आमच्याकडे नागपुरात वेगळाच बाजार होता भाऊ. डीएल पासिंगच्या डिझेल गाड्या. दिल्लीत एनजीटीच्या (राष्ट्रीय हरित लवादाच्या) २०१५ च्या आदेशापासून दहा वर्षांवरच्या डिझेलच्या मागे लागले, सुप्रीम कोर्टानेही २०१८ मध्ये तेच धरलं, म्हणून तिकडचे लोक नऊ-साडेनऊ वर्षांची गाडी मिळेल त्या भावात काढत होते. माझ्या मेहुण्याने अशीच मोठी एसयूव्ही आणली, निम्म्या किमतीत पडली म्हणून मिरवत होता. मग एनओसी, इथला रोड टॅक्स नव्याने, नवा नंबर, एजंटचे वेगळे. सगळं होईस्तोवर इथली गाडी परवडली असती. वर दोन इंजेक्टर गेले. आता लग्नकार्यातही तो गाडीचा विषय काढत नाही.

अबोली_को

मंडळी, बातमी आहे. एक चांगली, एक वाईट.

चांगली आधी. दुसऱ्या गॅरेजमध्ये नेली. स्कॅनरवर कोड आला पी ०२९९. म्हणजे टर्बोचं प्रेशर कमी. पहिला गॅरेजवाला फोनवर म्हणाला, "बघा, टर्बोच!" पाना यांची पोस्ट मी छापून नेली होती. या मिस्त्रींनी ती शांतपणे वाचली, काही न बोलता चष्मा चढवला आणि खालचा इंटरकूलर होज उतरवला. क्लॅम्पच्या अगदी कडेला अर्धगोल चीर, करंगळीचं नख आत जाईल एवढी. बाहेरून काळ्या ऑइलने माखलेली म्हणून दिसत नव्हती. होज ३,४०० आणि मजुरी ८००. टर्बोचा शाफ्टही हलवून दाखवला, मला, नवऱ्याला नाही. पुढे-मागे अजिबात हलत नाही. रविवारी कोरेगावला जाऊन आले, खंबाटकी तिसऱ्या गिअरमध्ये चढली. पाना_दहाबारा, तुम्हाला कोल्हापुरात येऊन पेढे.

आता वाईट. सर्व्हिस सेंटरमध्ये हिस्ट्री काढली. जुलै २०२२ च्या जॉबकार्डावर किलोमीटर १,३१,४००. आम्ही घेतली तेव्हा, दोन वर्षांनी, मीटरवर ८७ हजार.

पाना_दहाबारा

पेढे राहू दे ताई. हे लई वाईट झालं. पण आता सगळं जुळतंय बघा. ८७ हजाराला फ्लायव्हील ढिलं, दोन्ही लोअर आर्म बाद, हे मला तेव्हाच खटकलं होतं. गाडी आज दीड लाखाच्या वर हाय. टायमिंग बेल्ट कधी बदललाय ते त्या हिस्ट्रीत आहे का? बेल्टवाली असली तर पहिलं ते बघा. होजनं घाटात नुसता त्रास दिला. बेल्ट तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो आणि इंजिन खोलावं लागतं. बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप एकत्रच करायचं, पंपासाठी परत तीच मजुरी नको.

अबोली_को

बेल्टवालीच आहे. हिस्ट्रीत बदलल्याची नोंद नाही. मिस्त्रींनी १३,५०० सांगितले, पंपासकट.

काळा_डगला

आता माझ्या कामाचं काहीतरी आलं. वकिली सल्ला म्हणून नको, माहिती म्हणून घ्या.

गाडी तुम्ही डीलरकडून घेतलीत हे तुमचं नशीब. ओळखीतल्या कोणाकडून घेतली असती तर ग्राहक आयोगाचं दार बहुधा बंदच होतं, कारण तो धंदा म्हणून विकत नाही. मग दिवाणी कोर्ट. डीलर धंदाच करतो. किलोमीटर खोटं सांगून विकणं ही अनुचित व्यापारी प्रथा. मीटर त्याने फिरवलं की आधीच्या मालकाने, हा वाद तो घालणारच. घालू दे. जाहिरातीत ८७ हजार त्याने लिहिलं आणि त्या आकड्यावर पैसे त्याने घेतले. "जशी आहे तशी" असं पावतीवर छापलेलं असलं तरी खोटं बोलायची मुभा त्यातून मिळत नाही.

तुमच्याकडे काय आहे ते आधी गोळा करा: पावती, त्याची जाहिरात किंवा व्हॉट्सअॅपवरचे फोटो, डिलिव्हरी नोटवरचं किलोमीटर, सर्व्हिस सेंटरचं शिक्क्यासकट प्रिंटआउट. मग नोटीस, पोस्टाच्या पोचपावतीसह. उत्तर नाही आलं तर जिल्हा आयोग. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, तक्रार ऑनलाइन दाखल करता येते, वकील सक्तीचा नाही. आधी १९१५ वर फोन करून बघायलाही हरकत नाही, कधी कधी तेवढ्याने समोरचा नरमतो.

मुदत दोन वर्षांची. तुम्हाला फसवणूक आत्ता कळली हे सांगून विलंब माफ करून मागता येतो, पण त्या भानगडीत पडू नका. तुमचा पाडवा ९ एप्रिल २०२४ चा. त्याला दोन वर्षं व्हायच्या आत तक्रार दाखल झाली पाहिजे.

पोलिसांत जायचं ठरलं तर एक बारीक गोष्ट: व्यवहार १ जुलै २०२४ च्या आधीचा, म्हणून भारतीय न्याय संहिता नाही, जुनं ४२० कलमच लागेल. पण पैसे परत हवे असतील तर आयोगच बरा.

चक्रमादित्य

एवढा उपद्व्याप कशाला? गाडी आत्ता मस्त चालतेय, दिवा बंद आहे, मीटरवर १ लाख १३ हजार आहे. एखाद्या कंपनीच्या शोरूमला एक्स्चेंजमध्ये द्या, नवी घ्या. त्यांच्याकडे काय कमी पैसा आहे?

कृष्णाकाठ

चक्रमादित्य, ही गाडी शोरूममध्ये राहणार नाही हो. शोरूमवाला लिलावात काढणार, तिथून एखादा डीलर उचलणार आणि तुमच्या-आमच्यासारख्या कोणाच्या तरी गळ्यात पडणार. २०१९ च्या ऑगस्टात आमच्या सांगलीत पूर आला तेव्हा बुडालेल्या गाड्यांचं काय झालं ते आम्ही पाहिलंय. सगळ्या भंगारात गेल्या नाहीत. धुऊन-पुसून, सेंट मारून लांब लांब विकल्या गेल्या. म्हणून मी जुनी गाडी बघायला गेलो की पहिल्यांदा सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढतो, तिथे गाळाची रेघ राहते. मग सीटखालचे रूळ आणि स्टेपनीचा खड्डा.

अबोलीताईंना आता खरं किलोमीटर माहीत आहे. न सांगता विकली तर त्या डीलरमध्ये आणि ताईंमध्ये फरक काय?

चक्रमादित्य

फरक असा की ताई फसल्या आहेत आणि तो फसवून पैसे कमावतोय. सगळी नीतिमत्ता फसलेल्यानेच सांभाळायची का?

काळा_डगला

नीतिमत्ता बाजूला ठेवू. तुम्ही आत्ता एका सार्वजनिक ठिकाणी, अख्ख्या धाग्याच्या साक्षीने, मीटर खोटं असल्याचं जाणून आहात. उद्या घेणाऱ्याने सर्व्हिस सेंटरमध्ये हिस्ट्री काढली तर नोटीस तुम्हाला. शिवाय डीलरवर दावा करायचा तर गाडी तुमच्याकडे असलेली बरी, तपासणी लागू शकते.

विकाल तेव्हाची एक गोष्ट मात्र आत्ताच सांगून ठेवतो. फॉर्म २९-३० वर सह्या करून "एजंट करेल ट्रान्स्फर" म्हणून गाडी सोडू नका. आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक. अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याच्यावरच येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय.

निवांत_नाना

आणि नवी नंबरप्लेट बसवलीत ना? एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी आहे. ती नसली तर आरटीओत कामं अडतात.

अबोली_को

बसवली, नाना. त्यातही एक स्क्रू तिरका.

सगळ्यांचं वाचलं. चक्रमादित्य, तुमचा मुद्दा रात्री झोपताना मलाही पटला होता, खोटं कशाला बोलू! सकाळी नवऱ्याने एकच विचारलं, घेणारा कोणी तुझ्या बाबांच्या वयाचा निघाला तर? विषय संपला.

ठरवलंय ते असं. टायमिंग बेल्ट सोमवारी. नोटिशीचा मसुदा तयार होतोय, व्हॉट्सअॅपवर डीलरने पाठवलेला मीटरचा फोटो सापडला, तारखेसकट. गाडी तूर्त ठेवायची. त्याच मिस्त्रींना दोन वर्षांत काय निघेल ते विचारलं, हिशेबी_मांजर म्हणाल्या तशी फी पुढे करून. फी घेतली नाही, पण कागदावर लिहून दिलं: मागचे शॉकअप, ग्लो प्लग, आणि इंजेक्टर "सांगता येत नाही". बाहेर पडताना म्हणाले, "म्याडम, एक इंजेक्टर गेला तर करा. दुसरापण गेला तर माझ्याकडे आणू नका, विकायला न्या."

हिशेबी_मांजर

याहून चांगला आर्थिक सल्ला मी देऊ शकले नसते. २०२९ ला गाडी १५ वर्षांची होईल, तेव्हा पुनर्नोंदणी, फिटनेस, पर्यावरण कर. त्याच्या वर्षभर आधी परत गणित मांडू. आणि डीलरकडून काही परत आलं तर ते गाडीवर घालू नका, बाजूला ठेवा. इंजेक्टरचा निर्णय घ्यायला सोपं जाईल.

नवखा_चालक

सगळा धागा वाचला, माझीपण अशीच अडचण आहे म्हणून इथेच विचारतो. २०१६ ची पेट्रोल आहे. कूलंटची बाटली आठवड्याभरात खाली जाते. गॅरेजवाला म्हणतो, काही होत नाही, घरचं पाणी ओतत जा. खाली कुठे गळताना दिसत नाही. ओतू का?

पाना_दहाबारा

अजिबात ओतू नका, विशेषतः बोअरचं. क्षार आत बसून रेडिएटर गच्च होतो. खाली गळत नाही म्हणजे एकतर गरम असताना गळून तिथंच वाळतंय, नाहीतर आत जातंय. चालकाच्या शेजारच्या सीटपुढची मॅट उचलून बघा ओली आहे का, असली तर हीटरची कोअर. ऑइलच्या झाकणाच्या आत दुधाळ चिकट दिसतंय का बघा. गाडी थंड असताना प्रेशर टेस्ट करून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे. गरम गाडीचं झाकण उघडू नका, तोंड भाजेल.

आणि भावा, वेगळा धागा काढा. इथं ताईंची नोटीस चाललीय.